रस्त्याकडची जमीन

अष्टमी, रोहे
१२ एप्रिल १९९७

प्रिय नाओमी,

तुमच्या ज्यूंच्या नव्या वर्षाच्या कार्डाखेरीज मी मधेच कधी लिहीत नाही, त्यामुळे पाकीट बघून दचकशील. सगळं ठीक आहे. बातमी एवढीच, की शाळेतून निवृत्त झालेली तुझी मैत्रीण पंचायतीच्या निवडणुकीत उभी राहिली आणि चक्क निवडून आली. बायकांसाठी जागा राखीव होती, दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि निम्म्या मतदारांना मी कधी ना कधी पाढे शिकवले होते. आता कुंडलिका खोऱ्यासाठी एक देखरेख समिती नेमली आहे, तिचं अध्यक्षपद माझ्याकडे आलंय. धाटावच्या कारखान्यांत आपल्या गावांतल्या किती लोकांना काम मिळालं, सरकारी घरकुलं किती पुरी झाली, हे दर तीन महिन्यांनी बघायचं आणि अलिबागला जाऊन सांगायचं. हे असते तर खूप हसले असते. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. खांबच्या अलीकडे हायवेला लागून वीस-बावीस कातकरी कुटुंबं झोपड्या टाकून राहतात. रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांना उठवणार आहेत. सरकार घरं द्यायला तयार आहे, पण त्यांच्याकडे जमीन नाही, आणि जमिनीशिवाय घर मंजूर होत नाही. मी परवा तिथे गेले होते. बायजा म्हणून एक बाई आहे, चाळिशीची असेल. ती म्हणाली, आम्हाला सगळे विचारतात तुम्ही कुठले, आणि आम्ही उत्तर देईपर्यंत आम्हाला तिथून उठवलेलं असतं.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तुझ्या बाबांची धामणमाळची जमीन पडून आहे. कुणी कसत नाही, करवंदीच्या जाळ्या वाढल्यात. मागायला संकोच वाटतो. नाही म्हणालीस तर मी समजेन, आणि आपल्यात काही बदलणार नाही.

तुझी,
वत्सला

---

दिमोना
१९ मे १९९७

गो वत्सले,

तू अध्यक्ष झालीस हे मी इथे चार जणांना सांगितलं. कुणाला काय पडलीय, पण मला सांगावंसं वाटलं. शाळेत तू मॉनिटर होतीस तेव्हा आम्ही बोललो की फळ्यावर नाव लिहायचीस. आता साऱ्या खोऱ्याची नावं लिही.

जमीन घे. मी दोन दिवस विचार केला असं लिहिलं तर शोभेल, पण पत्र वाचतानाच मी ठरवलं होतं. बाबांनी घाण्याच्या पैशातून ती घेतली, एलियाहदादा होता तोवर कसली. तो गेला, आम्ही इकडे आलो. माझ्या पोरांना तिथलं करवंद म्हणजे काय ते सांगूनपण कळणार नाय. जमिनीवर माझं आणि चुलतभाऊ एझ्राचं नाव हाय. मुखत्यारपत्र त्याच्याकडेच हाय, पेणला जाऊन भेट. आधी जेवायला घालील, मग मुद्द्यावर येईल. घाई करू नको.

माझं एकच सांगणं हाय. रस्त्याकडचा अर्धा भाग उंच हाय, वरकस. घरं तिथेच बांधा. खालच्या अंगाला खाचर हाय, आषाढात तिथे गुडघाभर पाणी उभं राहतं. बाबा तिथे भात लावायचे. ते तसंच ठेवा, त्या लोकांना मूठभर तांदूळ होईल.

आमच्या कुणाचं नाव कुठे लावू नका. आणि घर असं बांधा, की बाईला आत उभं राहून स्वयंपाक करता येईल. बाकी तुला कळतं.

नाओमी

---

अष्टमी, रोहे
३ जानेवारी १९९८

प्रिय नाओमी,

बक्षीसपत्र झालं. एझ्राभाऊंकडे तीनदा गेले. शेवटच्या खेपेला त्यांनी मलीदा केला. पोहे, नारळ, गूळ, फळं ताटात रचून प्रार्थना म्हटली. जमीन द्यायची तर प्रेषित एलियाहू हन्नाबीला सांगून द्यावी, म्हणाले. दीनावहिनींनी मला पानावर बसवलं. शब्द कळत नव्हते तरी हात जोडले.

भूमिपूजन दिवाळीनंतर झालं. काम सुरू आहे. ठेकेदार शिवा म्हणून आहे, गडब गावाकडचा, हुशार आहे.

पण खरं सांगू, या कामाने मी थकले आहे. अलिबागच्या आढावा बैठकीत मोठे साहेब प्रत्येक समितीचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवतात. किती जणांना रोजगार दिला, किती घरं उठली. गेल्या खेपेला आमचा नंबर खालून तिसरा. सगळ्यांच्या देखत मला उभं केलं. छत्तीस वर्षं मी मुलांना उभं केलं, पण उभं राहिल्यावर कानशिलं कशी तापतात ते मला आता कळलं. वर सांगितलं, की मार्चअखेर आकडा सुधारला नाही तर पुढच्या वर्षीचा निधी दुसऱ्या खोऱ्याला जाईल. कारखाने नवी भरती करत नाहीत, उलट दोन-तीन बंदच पडलेत. मग रोजगार मी आणू कुठून? समितीत असं ठरलं, की धामणमाळला घरांबरोबर उत्पन्नाचंही काही साधन करावं, म्हणजे दोन्ही आकडे एकदम सुधारतील. आराखड्यात थोडा बदल आहे. इंजिनिअरांनी तो बघितला आहे.

ध्रुवचं तुला कळवायचं राहिलं. त्याची कंपनी बंद झाल्यापासून वर्षभर घरात बसून होता, बोलेनासा झाला होता. आता त्याला हायवेवर एक दुकान मिळालंय, सिमेंट-पत्र्याचं. सकाळी दाढी करून निघतो. आईला याहून काय हवं.

तुझी,
वत्सला

---

दिमोना
२ मार्च १९९८

गो वत्सले,

ध्रुवचं वाचून बरं वाटलं. माझा धाकटा इथे असाच बसून हाय, मला त्या बसण्याची जात माहीत हाय.

उत्पन्नाचं साधन म्हणजे काय ते समजलं नाय. आराखड्यात बदल म्हणजे पण काय ते लिहिलं नाहीस. घरं रस्त्याकडेच हायत ना? पुरी झाली की फोटो पाठव. तो मी भिंतीला लावीन.

नाओमी

---

अष्टमी, रोहे
२० मे १९९८

प्रिय नाओमी,

सोबत फोटो पाठवते आहे. चाव्यांच्या कार्यक्रमाचा आहे. मधे पालकमंत्र्यांचे प्रतिनिधी, डावीकडे मी. चावी घेते ती बायजा. तिच्या मागची म्हातारी म्हणजे तिची सासू मैना.

बावीस घरं मार्चअखेर पुरी झाली. आमच्या समितीचा जिल्ह्यात पहिला क्रमांक आला. ढाल मिळाली, वर्तमानपत्रात नाव आलं. शाळेतल्या जुन्या मुली घरी येऊन ओवाळून गेल्या. तुझं नाव कुठे घातलेलं नाही, तू सांगितल्याप्रमाणे.

ऊन फार आहे. जास्त लिहीत नाही. जपून राहा.

तुझी,
वत्सला

---

दिमोना
२ जुलै १९९८

गो वत्सले,

फोटो आला. भिंतीला लावायला घेतला आणि हातात धरून बसले.

तुला एक कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. चौसष्ट साली आम्ही इथे आलो तेव्हा ट्रकातून आणून उतरवलं. चहूकडे वाळू, मधे खोक्यासारखी घरं. एक माणूस आला, त्याने माझ्या हातात चावी दिली. दुसऱ्याकडे कॅमेरा होता. भाषा येत नव्हती, त्याने स्वतःची बोटं गालाला लावून ओठ ताणून दाखवले, की हस. मी हसले. तोच फोटो मी तुला धाडला होता. तू उलट टपाली लिहिलंस, की किती छान घर, नाओमी, तुझं भाग्य. आत काय होतं ते मी लिहिलं नाय. भिंत एवढी पातळ, की शेजाऱ्याची उचकी ऐकू यायची. वारा सुटला की भाकरीत वाळू. माझ्या सासूबाई पहिला आठवडाभर पेटीवर बसून होत्या, पेटी उघडू देईनात. बांधणाऱ्यांनी वर कळवलं होतं, घरं पुरी झाली. खोटं नव्हतं ते. घरं पुरी झालीच होती.

बायजाचं हसणं बघून मला माझे ओठ आठवले. माझ्याच मनाचे खेळ असतील. फोटोत तुमच्या मागे मांडवाचं कापड हाय, घर कुठे दिसत नाय, म्हणून विचारते. चूल कुठे मांडली तिने?

एझ्रा गेल्या महिन्यात माणगावला गेला तेव्हा एस्टीतून त्याने जमीन बघितली. रस्त्याला लागून गाळ्यांची रांग हाय म्हणाला, रंगवलेली शटरं. ती बायजाची आणि तिच्या लोकांची दुकानं असणार. तेच तुझं उत्पन्नाचं साधन ना? चांगलं केलंस. आपल्याच माणसांना दुकानं दिलीस.

पावसात सांभाळ.

नाओमी

---

अष्टमी, रोहे
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय नाओमी,

तुझं पत्र येऊन तीन महिने होत आले. पाच वेळा उत्तर लिहायला घेतलं. आज लिहून टाकते, आणि लगेच पोस्टात टाकते, नाहीतर पुन्हा फाडीन.

ती दुकानं बायजाच्या लोकांची नाहीत. रोजगाराचा आकडा वाढायला हवा होता. शिवाने सुचवलं, की रस्त्याकडे गाळे काढले तर प्रत्येक गाळा स्वयंरोजगारात धरता येईल. आठ गाळे झाले. दोन शिवाच्या भावांचे, पाच समितीच्या सभासदांच्या नात्यातले, आणि आठवा ध्रुवचा. मी तुला हायवेवर दुकान मिळालं एवढंच लिहिलं, कुठे मिळालं ते लिहिलं नाही. उंच जागा गाळ्यांनी खाल्ली, म्हणून घरं खालच्या खाचरात गेली. तो ठराव माझ्या अध्यक्षतेखाली झाला. मी हात वर केला.

घरं पुरी झाल्याच्या दाखल्यावर सही माझी आहे. त्या दिवशी जीपमधून गेले होते. ऊन होतं, गुडघा दुखत होता, खाली उतरायची वाट नीट नव्हती. शिवा म्हणाला, बाई, इथूनच दिसतात की. दिसत होती. पांढरीशुभ्र, एका ओळीत. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

जुलैच्या शेवटी मोठा पाऊस लागला. घरांत पाणी शिरलं. पायाच धरला नव्हता म्हणतात, विटा नुसत्या मातीवर रचल्यासारख्या. बायजाच्या घराची मागची भिंत पडली, तिच्याखाली मैना सापडली. कमरेचं हाड मोडलं. बायजाचा नवरा रघू तिला चादरीच्या झोळीत घालून चिखलातून वर रस्त्यावर घेऊन आला. तिथे ध्रुव दुकानात होता. त्याने टेम्पोतली पोती खाली टाकली आणि तिला अलिबागला सिव्हिलमध्ये नेलं. रात्रभर तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी घरी आला, जेवला नाही. मला म्हणाला, "आई, तिथे पाणी उभं राहतं हे तुला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं, नाओमी. पोटच्या पोराच्या तोंडावर नाही म्हटलं. तुझं पत्र कपाटात होतं.

मग मी धामणमाळला गेले, एकटी, एस्टीने. पहिल्यांदाच खाली उतरले. माणसं घरं सोडून पुन्हा हायवेच्या कडेला गेली होती. बायजा घरातून भांडी काढायला आली होती. पाण्याची रेघ भिंतीवर माझ्या कमरेइतकी होती. माझ्या तोंडून काहीतरी निघालं, वाईट झालं असं काहीतरी. तिने विचारलं, "बाय, तुमी घर बघितलं हुतं ना?"

मी हो म्हटलं.

"कुठून बघितलं?"

मी वर रस्त्याकडे बोट दाखवलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आमी आतून बघतो. आतून बघायला तुमी आला नाय." आणि भांडी डोक्यावर घेऊन गेली. मी तिथे उभी होते. खाली बसावं तर कोरडी जागा नव्हती.

ढाल अजून भिंतीवर आहे. काढली तर घरी येणारे विचारतील, म्हणून काढत नाही. एवढी मी खाली गेले आहे. तू जमीन परत मागितलीस तरी तो तुझा हक्क आहे.

वत्सला

---

दिमोना
७ डिसेंबर १९९८

वत्सला,

तुझं पत्र वाचून मी भिंतीला लावलेला तो फोटो काढला. राग आला. तो अजून हाय, तो मी तुझ्यापासून लपवत नाय. बाबांची जमीन मी तुझ्या हातात दिली ती तुझ्या समितीला दिली नव्हती.

पण मलापण एक सांगायचं हाय. दुकानं बायजाच्या लोकांची असतील असं मी लिहिलं ते मला खरं वाटत नव्हतं. एझ्रा नुसता एस्टीतून बघून आला नव्हता, तो उतरून खाली गेला होता. त्याने मला स्पष्ट लिहिलं, की घरं खाचरात हायत, पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत जाईल, तू वत्सलाबाईला विचार. मी त्याला लिहिलं, तू गप बस, वत्सला हाय तिथे. आणि तुला आडून विचारलं. तू दुखावू नयेस म्हणून, आणि तू आपणहून खरं सांगावंस म्हणून. जुलैच्या दोन तारखेला मी ते गोड पत्र लिहिलं. तेव्हाच तार केली असती, की माणसं बाहेर काढ, तर ती म्हातारी आज चालत असती. आडून बोलायची ही खोड तुझी-माझी दोघींची. शाळेपासूनची.

म्हणून आता सरळ लिहिते. जमीन परत नको. तुझी लाज मला पाकिटात घालून पाठवू नको, मी इथे तिचं काय करू. तू अजून त्या समितीवर हायस ना? मग तिथे उठून सांग. तू सही केलीस, तूच ती मागे घे. काय झालं ते कळव. झालं नाय तर तेपण कळव.

नाओमी

---

अष्टमी, रोहे
२८ मार्च १९९९

प्रिय नाओमी,

सांगितलं.

फेब्रुवारीच्या आढावा बैठकीत साहेबांनी आमचं अभिनंदन करून सुरुवात केली. मी उभी राहिले आणि म्हटलं, की धामणमाळची बावीस घरं पुरी झालेली नाहीत, ती राहण्यालायक नाहीत, मी न बघता सही केली होती आणि ती परत घेते. आणि रोजगारात धरलेले आठ गाळे त्या लोकांच्या जागेवर आहेत, त्यातला एक माझ्या मुलाचा आहे. साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "बाई, आकडा वर गेला आहे." मी म्हटलं, "मग तो खाली आणा."

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कुणी आलं नाही. गाडीतून परत येताना आमचे सभासद आपसात बोलत राहिले, माझ्याशी कुणी नाही. पंधरा दिवसांत ठराव आणून मला अध्यक्षपदावरून काढलं. सगळ्या खोऱ्याची अब्रू घालवली म्हणाले. ज्या मुली ओवाळून गेल्या त्यातली एक बाजारात मला बघून भाजी न घेता निघून गेली. हे मी सोसेन. माझं चुकलंच होतं.

पण पुढचं ऐक. खोटा आकडा दिला म्हणून खोऱ्याचा पुढच्या वर्षाचा घरकुल निधी थांबवला. म्हणजे दंड कुणाला? शिवाला नाही. गाळेवाल्यांनी कोर्टातून मनाई आणली, ते तिथेच आहेत. दंड बायजाला. मी हे तिला सांगायला गेले तर तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तुमी खोटं बोललात तवा घर बुडलं, आन् खरं बोललात तवा ते पन गेलं?"

ध्रुवला मी तुझं पहिलं पत्र दाखवलं, खाचराबद्दल लिहिलेलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग एका सकाळी दुकानातला माल टेम्पोत भरून विकून आला आणि गाळ्याची किल्ली माझ्यासमोर ठेवली. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात हिशेब बघायचं काम धरलंय, पेणला खोली घेऊन राहतो. फोन करतो. हाक मात्र अजून 'आई' अशी मारत नाही, सरळ विषयावर येतो.

ती किल्ली मी रघूच्या हातात दिली. एवढंच आत्तापर्यंत झालं.

वत्सला

---

दिमोना
३० एप्रिल १९९९

गो वत्सले,

कळलं. निधी थांबला म्हणून तू थांबू नको. घर देणारे निघून जातात, खुर्चीवरचे बदलतात, हे मी इथे पस्तीस वर्षं बघितलं. आमच्या छपरासाठी एक बाई दर मंगळवारी नगरपालिकेच्या दारात जाऊन बसायची. मोरोक्कोची होती, कुणाला न जुमानणारी. चौथ्या हिवाळ्याआधी छप्पर झालं. ती कुठल्या पदावर नव्हती.

तू पत्राला 'तुझी' लिहायचं सोडलंस. ते लिहीत जा.

नाओमी

---

अष्टमी, रोहे
१९ सप्टेंबर १९९९

प्रिय नाओमी,

तुझ्या त्या मोरोक्कोच्या बाईसारखी मीही अलिबागच्या कचेरीत जाऊन बसत होते, तुझं पत्र यायच्या आधीपासूनच. मंगळवार पाळला नाही, साहेब असतील त्या दिवशी जायचं. आधी शिपाई ओळखायचा नाही, मग ओळखून टाळायला लागला, शेवटी चहा आणून द्यायला लागला. घरकुलाचे पैसे मिळणार नव्हते, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण रोजगार हमीतून खाचरात भर घालायचं काम मंजूर झालं. मे महिन्यात वाडीतल्याच माणसांनी मजुरीवर मुरूम ओढला, जमीन वर उचलली, पडलेल्या घरांचे पाये नव्याने धरले. एझ्राभाऊ पेणहून आठवड्यातून दोनदा येऊन छत्री उघडून बसायचे. कामात काही कळत नाही, पण कुणी कमी मुरूम टाकला की त्यांच्याकडे बघून पुन्हा टाकायचा. बावीसपैकी तेरा घरं उभी झाली. या पावसात त्यांत पाणी शिरलं नाही. आठ कुटुंबं अजून हायवेला आहेत. कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची आहे. मी जाणार आहे.

बायजा, रघू आणि मैना ध्रुवच्या गाळ्यात राहतात. चूल मागच्या बाजूला उघड्यावर मांडली आहे, आत धूर कोंडतो. बायजाला आत उभं राहता येतं, स्वयंपाक मात्र बाहेरच. संध्याकाळी शटर ओढून घेतात. मैना आता उठत नाही. दिवसभर शटरखाली गोधडीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघते. मला बघून तोंड फिरवत नाही, पण बोलतही नाही. मी तिच्याजवळ थोडा वेळ बसते. ते तिला चालतं की नाही, विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

गेल्या गुरुवारी एस्टीतून उतरले तर वाडीतली पोरं रस्त्यावर खेळत होती. त्यातली एक चिमुरडी मला बघून ओरडत घरांकडे पळाली, "सहीबाय आली, सहीबाय आली." मी बायजाकडे बघितलं. ती पाखडत होती, तिने मान वर केली नाही. नंतर माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, की पोरांनी विचारलं ही कोण, तर मी सांगितलं, घर न बघता सही करनारी ती ही बाय. पोरांना एवढं लांब जमत नाय, म्हणून सहीबाय. तुमचं नाव मला ठावं हाय, पाहिजे तर सांगते त्यांना.

मी म्हटलं, राहू दे.

आता तिथल्या सगळ्यांच्या तोंडी तेच नाव आहे. त्यांच्या तोंडून ते शिवीसारखं येत नाही. कुणाला लंगडा म्हणतात, कुणाला पेणवाला, तसंच हे. कुणाचा दाखला अडला, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, की रस्त्यावरून हाक येते. सहीबाय, इकडे या. मी जाते, नाओमी. प्रत्येक हाकेला आत काहीतरी चिमटतं, आणि मी ओ देते.

तुझी,
वत्सला